नव्वद विरुद्ध दहा

बुद्धिबळाच्या पांढऱ्या उंटाला कचोरीचं तेल लागलेलं होतं. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा जानराव मोहोडांनी तो उंट दोन बोटांत धरला आणि सभेपुढे उंच केला.

"हे पाहा," ते म्हणाले. "हे झटपट बुद्धिबळ."

उंट मागच्या महिन्यातला होता. अकोल्याच्या मंडळींनी 'नमुन्यादाखल' तीन-तीन मिनिटांच्या डावांची स्पर्धा घेतली होती आणि जानरावांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. तिथून ते हा उंट खिशात घालून घेऊन आले होते. तेव्हापासून तो अमरावतीला त्यांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, पुरावा म्हणून राहत होता. इकडे अकोल्यात त्या संचात उंटाच्या जागी पाण्याच्या बाटलीचं झाकण खेळत होतं. ते झाकण दोन डाव जिंकल्याचंही कळलं होतं.

"काकाजी, थो उंट परत द्या ना पहिले," कुंदन अढाऊ म्हणाला.

"पुरावा आहे. सभा संपल्यावर मिळंन."

जानराव कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले. मूळचे अंजनगाव सुर्जीचे, घरची काळी जमीन भाऊ पाहतो, आणि हे अमरावतीला बुद्धिबळ पाहतात. दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला तीन दिवसांची स्पर्धा भरते, ती यांनीच एकतीस वर्षांपूर्वी सुरू केली. प्रत्येक खेळाडूला एका डावासाठी नव्वद मिनिटं, दिवसाला दोनच डाव, चाली लिहून ठेवायच्या, आणि डाव संपला की जिंकलेल्यानं हरलेल्याला चहा पाजून अख्खा डाव पुन्हा मांडून दाखवायचा. स्पर्धेत ते स्वतःही खेळत. एकदा त्यांनी एका चालीला सत्तावन्न मिनिटं घेतली होती. समोरचा तेवढ्या वेळात जाऊन दाढी करून आला, आणि आल्यावर जानरावांनी त्याला ओळखायला आणखी दोन मिनिटं घेतली.

अशा माणसानं त्या नमुन्यात काय पाहिलं, ते त्यांनी घरी बायकोला, शकुनबाईंना, सांगितलं होतं तेव्हा सांगता सांगता त्यांना स्वतःलाच जेवण गेलं नव्हतं. लोक घड्याळावर अशा चापट्या मारत होते की डास मारताहेत असं वाटावं. प्यादी घरंगळून खाली पडत होती आणि जिथं पडली असतील त्याच्या आसपास कुठंतरी उभी राहत होती. एकजण डाव्या हातानं कचोरी खात होता, उजव्या हातानं खेळत होता, आणि वेळ कमी उरल्यावर हात बदलत होता. एकाच्या राजाला शह बसला, ते त्याला कळलंच नाही, आणि समोरच्यानं सरळ तो राजा उचलून पटाबाहेर ठेवला. राजा! बुद्धिबळात राजा मारत नाहीत, तो कोंडला गेला की डाव संपतो, एवढा तो खेळ खानदानी. इथं राजा रिकाम्या पेल्याशेजारी आडवा पडला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. वर एक निवेदक माईकवरून ओरडत होता, "क्या बात है, क्या बात है!" काय बात आहे, हे त्यालाही सांगता आलं नसतं. ती चाल होऊन तोवर आणखी चार झाल्या होत्या.

"तुमाले काहून एवढी मळमळ येते?" शकुनबाई म्हणाल्या होत्या. "तुमी नका खेळू तसं."

"मी नाई खेळत. पण माझ्या स्पर्धेत आणून राहिले थे."

प्रश्न तोच होता. वऱ्हाड बुद्धिबळ मंडळाची वार्षिक सभा अकोल्यात, एका मंगल कार्यालयात भरली होती, आणि विषयपत्रिकेवर एकच विषय होता: दिवाळीची अमरावतीची स्पर्धा यापुढे एका दिवसात उरकावी, प्रत्येकाला दहा मिनिटं द्यावीत. ठराव कुंदनचा. कुंदन एकतीस वर्षांचा, अकोल्यात बुद्धिबळाचे वर्ग चालवणारा, चपळ आणि हसतमुख. त्याचे वडील भाजीचा मळा करतात. तो स्वतः बोलतानाही अशी घाई करत असे की वाक्याचा शेवट ऐकणाऱ्यानं घरी जाऊन लावावा.

"काकाजी, मी तुमच्या इरोधात नाई," तो म्हणाला. "पण कोणाले येळ आहे आता तीन दिवस बसाले? वरचे वरचे खेळाडू म्हनून राहिले का लांब डाव बोअर होते म्हनून. लोक मोबाईलवर पाहते. ठिबकच्या नळ्यावाला आपल्याले प्रायोजक भेटला, थो म्हनते मले दिवसभरात निकाल पायजे. गेल्या वर्षी तुमच्या स्पर्धेत प्रेक्षक किती होते?"

"चार."

"त्यातले दोन झोपेल होते."

"झोपले तं झोपले, पण शेवटपर्यंत बसले," जानराव म्हणाले. "तुह्या स्पर्धेत कोनी बसलंच नाई. सारे उभे. बसस्टँडवर राहते तसे. अन् मले सांग, चाली लिहून ठेवता काय तुमी?"

"दहा मिनिटात कोन लिहीन?"

"मंग खेळले काय, हे उद्या तुले तरी मालूम राहीन काय? घास चावला नाई, गिळला, अन् पोट भरलं म्हनून राहिला. ओकारी येते मले."

"ओकाराले बी येळ लागते, काकाजी," कुंदन म्हणाला, आणि अकोल्याचे सगळे हसले. अमरावतीचेही दोघे हसले. जानरावांनी त्यांची तोंडं लक्षात ठेवली.

मतदान झालं. पाच विरुद्ध पाच. अकरावे सभासद सेमाडोहचे. ते मेळघाटातून खाली उतरेपर्यंत सभा संपेल म्हणून निघालेच नव्हते, आणि तिथं फोन लागत नव्हता. राहिल्या अध्यक्ष साधनाताई. त्या बार्शीटाकळीच्या शाळेत गणित शिकवतात, पंच म्हणून त्यांचं नाव आहे, आणि पंचगिरी त्या जानरावांकडेच शिकल्या. निर्णायक मत त्यांचं होतं. त्यांनी ते द्यायला साफ नकार दिला.

"मले दोन्ही जिल्ह्यात स्पर्धा घ्यायच्या असते," त्या म्हणाल्या. "तुमी खेळाडू आहा ना? मंग पटावर मिटवा."

असं फक्त याच लोकांना सुचू शकतं. ठराव पटावर टाकायचा. साऱ्यांना ही कल्पना फार आवडली आणि पाच मिनिटांत पुन्हा भांडण लागलं, कारण डाव किती मिनिटांचा हे ठरेना. दहा मिनिटांचा म्हटला तर जानराव म्हणत, मग ठराव आधीच मंजूर झाला. नव्वदचा म्हटला तर कुंदन म्हणे, मग आधीच नामंजूर झाला. पाऊण तास यावर गेला. शेवटी कुंदन वैतागून म्हणाला, "असं करा काकाजी, तुमी तुमचे नव्वद घ्या, मी माहे दहा घेतो. घड्याळात तसं लावता येते."

त्यात अपमान होता. जानरावांनी तो नीट तपासून पाहिला, आणि मग म्हणाले, "मान्य. मी जिंकलो किंवा बरोबरी झाली तं स्पर्धा आहे तशी, तीन दिवस, नव्वद मिनिटं. अन् पुन्हा हा इषय काढाचा नाई."

"अन् मी जिंकलो तं येत्या दिवाळीपासून एक दिवस, दहा मिनिटं."

साधनाताईंनी ते प्रोसिडिंगच्या वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. उंट पिशवीतून निघाला, साबणानं धुतला गेला आणि जागेवर उभा राहिला. पांढरी मोहरी जानरावांकडे आली. घड्याळावर एका बाजूला नव्वद मिनिटं, दुसऱ्या बाजूला दहा.

कार्यालयाचा व्यवस्थापक गोवर्धन येऊन पुढच्या साखरपुड्याचं सांगून गेला, "चार वाजता साक्षगंध आहे इथी. तीनले हॉल खाली करा लागन." कुंदन म्हणाला, मी तर दहा मिनिटांतच खाली करतो.

डाव सुरू झाला. कुंदन चाल करायचा म्हणजे मोहरं पटावर फेकायचा. कोणतंही मोहरं घराच्या मधोमध उभं नव्हतं. हत्ती रेषेवर, घोडा भिंतीकडे तोंड करून, प्यादं दोन घरांत अर्धं अर्धं. जानराव प्रत्येक वेळी "सरळ करतो" असं मोठ्यानं म्हणत, त्याचं मोहरं नीट मध्ये सरकवत, घोड्याचं तोंड समोर वळवत, आणि मग स्वतःच्या चालीचा विचार सुरू करत. अशा झाडलोटीत त्यांची सहा मिनिटं गेली असतील. ती त्यांना वाया गेली असं वाटलं नाही. विचार चालू असताना कुंदन उठून जाई, चहा पिई, कुणाच्या खांद्यावर हात टाकून हसे, आणि इकडे चाल झाली की लांबूनच पटाकडे एक नजर टाकून येऊन आपली चाल आपटे.

"बसत जा ना लेका," जानराव एकदा म्हणाले.

"काहून? तुमची येळ आहे, तुमी बसा."

तरी डाव चांगला चालला होता. विसाव्या चालीनंतर कुंदनच्या राजापुढची फळी उसवू लागली. तिसाव्या चालीला जानरावांचा वजीर आणि घोडा त्याच्या राजाच्या दारात पोचले. तेहेतिसाव्या चालीनंतर कुंदनही खुर्चीवर बसला, पहिल्यांदाच. जानरावांनी एकोणीस मिनिटं विचार केला. मग त्यांनी घोडा उचलला, हलकेच, दोन बोटांनी, आणि काळ्या राजाच्या अंगणात ठेवला. पुढच्याच चालीला मात. ती टाळायची तर काळ्याला काहीतरी मोठं द्यावं लागणार. एकतीस वर्षांत एवढी देखणी चाल त्यांच्या हातून झाली नव्हती. त्यांनी ती कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिली आणि पुढे उद्गारचिन्ह काढलं. स्वतःच्या चालीपुढे उद्गारचिन्ह काढायचं नसतं, हे ते इतरांना शिकवत आले होते.

आता घड्याळाची कळ दाबायची, की आपली वेळ थांबून काळ्याची सुरू. त्यांचा हात उचलला गेला होता, तेवढ्यात भिंतीवरचा कर्णा फुटल्यासारखा ओरडला: "हॅलो, हॅलो, माईक चेक! वन टू थ्री!" साक्षगंधाचा डीजे येऊन पोचला होता. जानराव गर्रकन वळले आणि त्या माणसाकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की त्यानं माईक खाली ठेवून दिला. मग ते पुन्हा पटाकडे वळले, चष्मा काढून पुसला, हाताची घडी घातली.

कळ दाबायची राहून गेली होती.

त्यांच्या घड्याळात चोवीस मिनिटं उरली होती आणि ती पळत होती. जानरावांना हे दिसायला नुसती मान वळवायची होती. पण समोरच्याची पाळी असताना घड्याळाकडे पाहायचं नाही, हा त्यांचा नेम होता. जेवणाऱ्याच्या ताटात डोकावल्यासारखं ते असभ्य, असं त्यांनी दोन जिल्ह्यांतल्या तीन पिढ्यांना बजावलं होतं.

त्यांनी कुंदनकडे पाहिलं. कुंदन वाकून बसला होता. कोपरं मांडीवर, हनुवटी मुठीवर, डोळे खाली. हलत नव्हता.

एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. जानरावांना काहीतरी विलक्षण घडतंय असं वाटू लागलं. हा मुलगा विचार करून राहिला! चहा नाही, हसणं नाही, खांद्यावर हात नाही. आपल्या दहातली मिनिटं तो आपल्या चालीवर खर्च करून राहिला. त्याच्या कपाळावर एक आठी होती. जानरावांनी ती आठी निरखून पाहिली. इतकी खोल आठी घाईच्या माणसाला पडत नाही. ह्या एका डावानं पोरगा सुधारला, असं त्यांच्या मनात आलं, आणि दिवाळीच्या स्पर्धेत याला पहिल्या पटावर बसवायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं. त्याच्या विचारात अडथळा नको म्हणून त्यांनी खोकला दाबून धरला. दहा मिनिटं कधीच उलटून गेली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सभागृहात मात्र नऊ माणसांना घाम फुटला होता. घड्याळ कुणाचं चालू आहे हे प्रत्येकाला दिसत होतं, आणि बोलायची कुणाला मुभा नव्हती. खेळाडूला त्याच्या घड्याळाबद्दल बाहेरच्यानं सांगायचं नाही, पंचानंही नाही. साधनाताई पंच होत्या. त्यांच्या पहिल्याच स्पर्धेत त्यांनी एका म्हाताऱ्याला दया येऊन असं सुचवलं होतं, तेव्हा जानरावांनी त्यांना चारचौघांत झापलं होतं: "पंच मुका असते, ताई!" आता त्या पटाभोवती एक फेरी मारून आल्या. चपला वाजवत दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला जानरावांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प उभं राहायची खूण केली आणि डोळ्यांनीच कुंदनकडे दाखवलं: पोरगा विचार करतोय, पाहा.

साधनाताईंनी तोंड फिरवलं.

चोवीस मिनिटं संपली. घड्याळ टीं करून वाजलं. जानराव दचकले आणि कळवळून म्हणाले, "अरेरे! विचार करता करता येळ संपली बिचाऱ्याची!"

कुणी हसलं नाही. साधनाताईंनी घड्याळ उचलून त्यांच्यासमोर धरलं. जानरावांच्या बाजूला शून्य. कुंदनच्या बाजूला पाच मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

"काकाजी, तुमी दाबलंच नाई," त्या म्हणाल्या.

जानरावांनी घड्याळ पाहिलं. मग कुंदनकडे पाहिलं. आठी गेली होती. कपाळ परत गुळगुळीत झालं होतं.

"काय पाहून राहिला होता रे एवढा येळ?" त्यांनी विचारलं.

कुंदन खोटं बोलणारा माणूस नव्हता. "घड्याळ, काकाजी."

"घड्याळ?"

"मान वर केली असती तं तुमाले समजलं असतं. म्हनून खालीच घातली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पायत होतो. मान धरली माही."

"अन् पट? चाल?"

"चाल काहून पाहू? येळ तुमची जाऊन राहिली होती."

हरल्याचं जानरावांना समजत होतं, हरण्याची त्यांना सवयही होती. पण त्या आठीवर आपण चोवीस मिनिटं जीव लावून बसलो, तिला पाहून मनातल्या मनात त्याला पहिल्या पटावर बसवलं, ही आठवण त्यांना चाटून टाकलेल्या उष्ट्यासारखी वाटली.

अमरावतीचा एकजण कुरकुरला की डीजेमुळे झालं, डाव पुन्हा व्हावा. कुंदनही म्हणाला, "खरंच काकाजी, पटत नसन तं पुन्हा खेळू. मले काही नाई."

"नाई. कळ दाबली नाई, येळ गेली. काळा जिंकला. लिवा, ताई."

त्यांनी कुंदनशी हात मिळवला. नियमात आहे म्हणून. मग धोतराला हात पुसावा तसा तो पँटला पुसला. साधनाताईंनी ठराव मंजूर झाल्याचं लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या, आणि अमरावतीची तीन दिवसांची स्पर्धा एकतिसाव्या वर्षी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी संपली. मंडळी वरण-बट्टी खायला मागच्या पडवीत गेली.

जानराव बसून राहिले. डाव पुन्हा मांडून दाखवायला समोर कुणी नव्हतं. पट मात्र तसाच होता. त्यांना निदान एक समाधान हवं होतं: चाल तरी देखणी होती. घड्याळ राहिलं, पण चाल जिंकणारी होती, हे स्वतःला दाखवून मग उठावं. ते उठून कुंदनच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि काळ्याच्या बाजूनं पटाकडे पाहू लागले.

तिकडून पट वेगळा दिसत होता. काळ्याचा हत्ती एका मोकळ्या पट्टीत उभा होता. तो सरळ खाली आला की पांढऱ्या राजाला शह. राजा सरकणार. मग काळ्या घोड्याचा शह, आणि त्याच उडीत पांढरा वजीर घोड्याच्या तोंडात. वजीर गेला की मात कुठली आणि काय कुठलं. दोन चालींत सगळं धुऊन निघत होतं. अवघड काहीच नव्हतं. शाळेतल्या पोराला सापडावं असं होतं.

एकोणीस मिनिटं विचार करून त्यांनी ती चाल केली होती. त्यानंतर चोवीस मिनिटं तो हत्ती त्यांच्या नाकासमोर उभा होता. कुंदन घड्याळाकडे पाहत होता आणि ते कुंदनच्या कपाळाकडे. पटाकडे दोघांपैकी एकानंही पाहिलं नव्हतं.

सकाळपासून ज्याची म्हणून किळस केली होती, ते सगळं तेलकट, घाईचं, न पाहता गिळलेलं, समोरच्या खुर्चीवर त्यांना दिसत होतं. त्या खुर्चीवर थोड्या वेळापूर्वीपर्यंत तेच बसले होते. गोवर्धनची माणसं एकेक खुर्ची उचलून लाल कापड घालून रांगेत लावत होती. जानरावांनी उद्गारचिन्ह काढलेला कागद उचलला, त्या चिन्हावर आडवी रेघ मारली आणि पडवीत गेले.

साधनाताई वाढून घेत होत्या. "बसा काकाजी, गरम आहे."

"ताई, वही काढा. एक नोंद घ्याची आहे."

"आता? निकाल तं लागला."

"निकाल राहू द्या. लिवा, पांढऱ्याची चौतिसावी चाल चुकली होती. काळ्याले दोन चालीत वजीर भेटत होता. सोबत चालीही लिवा."

साधनाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, हात धुतले, आणि वही मांडीवर घेऊन लिहायला लागल्या. ठरावाच्या प्रोसिडिंगमध्ये हत्ती आणि घोडा लिहायची ती मंडळाची पहिलीच वेळ होती.

पंक्तीतून कुंदनचा आवाज आला, "काय? मी जिंकून राहिलो होतो?" तो ताट ठेवून धावत आला. "कोठी? कोन्ती चाल, काकाजी?"

"पट तसाच आहे आत. जाऊन बस अन् पाह्य."

कुंदन दारापर्यंत गेला, तिथून पटाकडे एक नजर टाकली, आणि परत आला. "नाई दिसून राहिली. सांगून टाका ना बाप्पा, वरण थंडं होते."

जानरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा एक पाय त्यांच्याकडे होता आणि दुसरा आधीच पंक्तीकडे वळलेला होता.

"वहीत आहे," ते म्हणाले. पायताण घातलं, पिशवी खांद्याला लावली, आणि न जेवता साडेतीनची अमरावतीची गाडी धरायला निघाले.